दोन गुणांचं अंतर आणि बार्सिलोनाचे दहा सेकंद

शिकेन

फॉर्म्युला वनचा २०२५ चा हिशोब संपला: मॅक्लारेनचा नॉरिस ४२३, रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टापेन ४२१, नॉरिसचाच साथीदार पियास्त्री ४१०. झँडव्होर्टच्या शर्यतीनंतर मॅक्स पियास्त्रीपेक्षा १०४ गुणांनी मागे होता. तिथून तो शेवटच्या शर्यतीत विजेतेपदापासून दोन गुणांवर येऊन थांबला. आता जिथे बघावं तिथे एकच वाक्य: "मॅक्सने पाचवं विजेतेपद बार्सिलोनात घालवलं."

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हे गणित खरंच इतकं सरळ आहे का? दोन, पेनल्टी म्हणून जेद्दाला ५ सेकंद, बार्सिलोना आणि सिल्व्हरस्टोनला १०, आणि लास व्हेगासला थेट अपात्र, स्टुअर्डची (शर्यतीच्या पंचांची) ही मापं कुठून येतात? तीन, पेनल्टी चुकीची वाटली तर टीम दाद का मागत नाही?

"स्टुअर्ड विकले गेलेत" छापाचे प्रतिसाद नकोत, ते इतरत्र ढिगाने मिळतात.

---

सॉफ्टटायर

बार्सिलोनाचं गणित सरळ आहे, त्यामागचा प्रकार तितका सरळ नाही.

शर्यत ६६ लॅपची. शेवटच्या टप्प्यात अँटोनेल्लीची गाडी बंद पडली आणि सेफ्टी कार (सगळ्यांना आपल्यामागे हळू, रांगेत चालवणारी गाडी) आली. सगळे टायर बदलायला पिटमध्ये वळले. बाकीच्यांना सॉफ्ट (मऊ, जास्त पकडीचे) टायर मिळाले. मॅक्सकडे तीन थांब्यांच्या डावपेचात सॉफ्ट संपलेले, न वापरलेला एकच सेट उरला होता तो हार्डचा. सेफ्टी कारमागे रांगत चाललेल्या गाडीत हार्ड टायर गरम होत नाही. शर्यत पुन्हा सुरू होताच शेवटच्या वळणातून बाहेर पडताना गाडीची शेपूट जोरात घसरली, लेक्लेर सरळ रस्त्यावर पुढे गेला, आणि पहिल्या वळणावर रसेल आत घुसला. धक्का लागून मॅक्स ट्रॅकबाहेर गेला, पण परतला तो रसेलच्या पुढेच.

टीमने सांगितलं, जागा परत दे. पाचव्या वळणाआधी तो हळू झाला, रसेल बाजूला आला, आणि त्याच क्षणी मॅक्सने पुन्हा वेग घेऊन त्याला ठोकलं. १० सेकंद, शिवाय परवान्यावर ३ पेनल्टी पॉइंट. रस्त्यावर पाचवा, निकालात दहावा. १० गुणांऐवजी १. ९ गुण गेले आणि विजेतेपद हुकलं २ गुणांनी.

याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. पहिल्या वळणाच्या प्रकरणात स्टुअर्डनी नंतर काहीच कारवाई केली नाही. रसेलचा गाडीवरचा ताबा क्षणभर सुटला आणि त्याच्याच धक्क्याने मॅक्स बाहेर गेला, असं त्यांचं मत पडलं. म्हणजे जागा परत द्यायची गरजच नव्हती! टीमने घाबरून सांगितलं, ड्रायव्हरने चिडून बिघडवलं. मी तरी यात स्टुअर्डना दोष देणार नाही.

---

आउटलॅप

वरच्या प्रतिसादातलं एक अर्धवट राहिलंय: १० सेकंदांची किंमत ९ गुण का झाली? सेफ्टी कारने सगळ्यांना एकमेकांच्या शेपटीला आणून बांधलं आणि पुढे जेमतेम पाच लॅप उरल्या. तेवढ्यात अंतर पडत नाही. दहा सेकंदांच्या आत पाच गाड्या मावल्या, म्हणून पाच जागा गेल्या. मोकळ्या मैदानात याच दहा सेकंदांत एखादी जागाही जात नाही.

सिल्व्हरस्टोन हे त्याचं दुसरं टोक. पियास्त्री आघाडीवर, पाऊस, सेफ्टी कार आत जाण्याच्या बेतात. १४ आणि १५ या वळणांमधल्या सरळ भागात त्याने २१८ वरून ५२ किमी वेगापर्यंत एकदम ब्रेक मारला. ब्रेकचा दाब ५९.२ पीएसआय, हे आकडे स्टुअर्डच्याच कागदावर आहेत. मागून येणारा मॅक्स क्षणभर त्याच्या पुढे निघाला. सेफ्टी कारने दिवे मालवल्यावर वेग ठरवायचा हक्क आघाडीवाल्याचा, पण झटके देऊन नाही. १० सेकंद. ते त्याने पिटमध्ये उभं राहून भरले आणि नॉरिस ६.८ सेकंदांनी जिंकला. तिसरा हुल्केनबर्ग इतका मागे होता की पियास्त्रीची एकच जागा गेली. पियास्त्रीला २५ ऐवजी १८, नॉरिसला १८ ऐवजी २५.

आता हे उलटं करून बघा. पियास्त्री ४१७, नॉरिस ४१६, मॅक्स मात्र ४२१ वरच. म्हणजे पियास्त्रीला दिलेली पेनल्टी नसती तर विजेता झाला असता मॅक्स!

मोंझाचंही तसंच. नॉरिसचा पिटस्टॉप रखडला, म्हणून मॅक्लारेनने पियास्त्रीला दुसरी जागा सोडायला लावली. तीन गुण इकडचे तिकडे. ते झालं नसतं तर नॉरिस ४२०, मॅक्स ४२१. तिथे तर स्टुअर्डचा संबंधही नव्हता.

---

मधलीफळी

आत्याबाईंना मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, हे इथे लिहायला कुणी तरी हवंच होतं. अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीआधी नॉरिस ४०८ वर होता, मॅक्स ३९६ वर. मॅक्स जिंकला तर ४२१. नॉरिस चौथा आला तर ४२०, तिसरा आला तर ४२३. म्हणून तो तिसऱ्या जागेसाठी चालवत होता. दुसरी हवी असती तर वेगळा चालवला असता. आधीचा आकडा बदलून पुढचे सगळे तसेच ठेवायचे, हे कागदावरच जमतं.

माझा मुद्दा लास व्हेगासचा. तिथे सेकंद नाहीत, मिलिमीटर आहेत. गाडीच्या पोटाखाली एक फळी असते, १९९४ पासून सक्तीची. नवी असताना १० मिमी, शर्यतीनंतर ठरलेल्या जागी मोजल्यावर ९ मिमीच्या खाली चालत नाही. नॉरिसची एका जागी ८.८८ भरली, पियास्त्रीची ८.७४. अनुक्रमे दुसरा आणि चौथा आलेले दोघंही बाद. १८ आणि १२ गुण पाण्यात.

गाडी जितकी जमिनीलगत तितकी खालून ओढ जास्त, म्हणून प्रत्येक टीम शेवटचा मिलिमीटर काढते. तो किती काढायचा हे कळायला भरल्या टाकीने, कोरड्या ट्रॅकवर लांब फेऱ्या माराव्या लागतात. व्हेगासला सराव तुकड्यातुकड्यांत झाला आणि पात्रता फेरी पावसात. शर्यतीत अपेक्षेपेक्षा गाडी फार उड्या मारायला लागली, असं मॅक्लारेनचं म्हणणं. शेवटच्या काही लॅपमध्ये नॉरिस सरळ रस्त्यावर लवकर पाय उचलत होता, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की इंधन वाचवतोय.

हेतू नव्हता हे स्टुअर्डनी मान्य केलं, तरी बाद ते बादच. त्याच वर्षी शांघायला हॅमिल्टन ८.५ मिमीवर बाद झाला, त्याच शर्यतीत लेक्लेर १ किलो कमी भरला म्हणून (७९९, किमान ८००). बहारीनला हुल्केनबर्गही फळीमुळेच बाद झाला. वजनकाट्यापुढे बाजू मांडता येत नाही.

जाता जाता: व्हेगासला अँटोनेल्लीला सुरुवातीला गाडी आधी हलवल्याबद्दल ५ सेकंद होते. रस्त्यावर चौथा, पेनल्टीने पाचवा, आणि दोन मॅक्लारेन उडाल्यावर तिसरा. पेनल्टी खाऊन मूळ जागेपेक्षा वर!

---

कलम_आणि_काटा

५ आणि १० सेकंदांबद्दल. एफआयएने (खेळाच्या नियामक संस्थेने) २०२५ च्या जूनमध्ये ड्रायव्हिंगची मार्गदर्शक तत्त्वं आणि पेनल्ट्यांची यादी सगळ्यांसाठी खुली केली. ट्रॅकबाहेर जाऊन टिकाऊ फायदा घेतला तर मूळ माप १० सेकंद. जेद्दाला मॅक्सने पहिल्या वळणावर बाहेरून जाऊन पियास्त्रीच्या पुढची जागा राखली. ५ मिळाले कारण पहिली लॅप, पहिलं वळण, तिथे सवलत धरतात. बार्सिलोनाचं कलमच वेगळं, टक्कर घडवल्याचं. त्यामुळे तुलना करताना आधी कलम बघा, मग लॅप, मग सेकंद. टीव्हीवर फक्त सेकंद दिसतात आणि भांडणं तिथूनच लागतात.

पेनल्टी किती महाग पडली हे स्टुअर्ड मोजत नाहीत, आणि मोजूही नये. मोजायला लागले तर आघाडीवाल्याला वेगळा न्याय आणि पंधराव्याला वेगळा होईल.

ओव्हरटेकचं माप आणखी काटेकोर आहे. आतून जाताना तुमच्या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल समोरच्याच्या आरशाच्या किमान बरोबरीने हवा, वळणाच्या शिखरबिंदूआधी (गाडी वळणाच्या आतल्या कडेला सर्वात जवळ येते ती जागा) आणि शिखरबिंदूवरही. बाहेरून जाताना अ‍ॅक्सल समोरच्याच्या पुढे हवा. शिवाय गाडी ताब्यात हवी. ब्राझीलला पियास्त्री इथेच अडकला. शर्यत पुन्हा सुरू होताना तो आत घुसला, चाक लॉक झालं, अँटोनेल्लीला लागला आणि अँटोनेल्ली लेक्लेरवर जाऊन आदळला. आरशाइतका पुढे नव्हता, सबब १० सेकंद. माझ्या मते हे माप स्थिर चित्रावर ठीक चालतं, तीन गाड्या एका ओळीत शिरतात तेव्हा कमी पडतं. तो आधी बराच पुढे होता, ब्रेक दाबल्यावर मागे पडला.

दाद मागण्याबद्दल: शर्यतीत दिलेल्या वेळेच्या पेनल्टीवर अपील चालत नाही. उरतो पुनर्विचाराचा अर्ज. त्यासाठी पुरावा नवा हवा, महत्त्वाचा हवा, प्रकरणाशी संबंधित हवा, आणि निर्णयाच्या वेळी टीमच्या हाती नसलेला हवा. २०२४ ला ऑस्टिनच्या ५ सेकंदांवर मॅक्लारेनने अर्ज केला, तो याच उंबरठ्यावर अडखळला. २०२५ ला झँडव्होर्टच्या साइन्झ-लॉसन टकरीत मात्र साइन्झच्या टीमचा, विल्यम्सचा अर्ज टिकला, कारण ३६० अंशाच्या कॅमेऱ्याचं आणि लॉसनच्या मागच्या कॅमेऱ्याचं चित्रण निर्णयाच्या वेळी उपलब्ध नव्हतं. साइन्झचे २ पेनल्टी पॉइंट पुसले गेले. पण १० सेकंद त्याने शर्यतीतच भरले होते, ते परत कसे देणार?

---

शिकेन

आभार. पेनल्टी पॉइंटचा विषय निघालाच आहे तर, बार्सिलोनानंतर मॅक्स ११ वर होता ना? म्हणजे आणखी एक पडला असता तर?

---

कलम_आणि_काटा

१२ महिन्यांत १२ झाले की एक शर्यत बंदी. पॉइंट ज्या तारखेला पडतो, तिथून बरोबर वर्षाने गळतो. मॅक्सचे दोन गळणार होते ते ३० जून २०२५ ला, आधीच्या वर्षी ऑस्ट्रियात नॉरिसला धडकल्याचे. म्हणून कॅनडा आणि ऑस्ट्रिया या दोन शर्यती त्याला एका पॉइंटच्या कडेवर काढाव्या लागल्या. ही व्यवस्था २०१४ ची, आणि तिच्याखाली आजवर एकच जण बसला: मॅग्नसन, २०२४ च्या मोंझानंतर बाकूला. त्याच्या जागी बेअरमन आला आणि दहावा येऊन एक गुण घेऊन गेला.

---

सॉफ्टटायर

@मधलीफळी, फळी आणि पेनल्ट्यांच्या भरात कतार विसरू नका. तिथे एका टायरसेटवर जास्तीत जास्त २५ लॅपची मर्यादा होती आणि शर्यत ५७ लॅपची. सातव्या लॅपला हुल्केनबर्ग-गास्ली टक्कर झाली, सेफ्टी कार आली. ७ + २५ + २५ = ५७. सातव्याला आत येणं म्हणजे एक थांबा जवळजवळ फुकट, आणि उरलेली शर्यत बरोबर दोन सेटमध्ये. जवळपास सगळे आत आले. मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाहेरच राहिल्या. मॅक्स जिंकला, पियास्त्री दुसरा, नॉरिस चौथा.

---

मधलीफळी

@सॉफ्टटायर, मान्य. अबू धाबीचा हिशोब एका जागेवर आला तो तिथूनच. आणि त्या शेवटच्या शर्यतीत मॅक्सचा साथीदार त्सुनोडाने नॉरिसला अडवताना एकापेक्षा जास्त वेळा दिशा बदलली म्हणून त्याला ५ सेकंद. नॉरिस चारही चाकं रेषेबाहेर घालून पुढे गेला होता, पण त्याला बाहेर ढकललं गेलं होतं, म्हणून त्याच्यावर काही नाही. त्या जागी मॅक्स असता तर इथे चारशे प्रतिसाद पडले असते.