निकाल येईपर्यंत काय काय अडून राहिलं? बिझनेस स्कूलच्या कॉलची वाट पाहणाऱ्यांचे अनुभव

एमबीएच्या प्रवेशासाठी द्यायच्या कॅट परीक्षेची तयारी कशी करावी, मॉक किती द्याव्यात, डीआयएलआरचे (माहिती आणि तर्काच्या प्रश्नांचे) सेट कसे निवडावेत, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी होते, निकाल डिसेंबरच्या उत्तरार्धात लागतो (२०२४ चा १९ डिसेंबरला लागला होता), आणि तिथून मे-जूनपर्यंत जे चालतं त्याबद्दल मात्र फारसं वाचायला मिळत नाही. जुन्या आयआयएमच्या शॉर्टलिस्ट, मग नव्या आयआयएमच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेचा, म्हणजे कॅपचा, कॉल (इंटरव्ह्यूचं बोलावणं), फेब्रुवारी-मार्चमध्ये इंटरव्ह्यू, एप्रिल-मेमध्ये निकाल, आणि त्यातही नाव वेटलिस्टवर असलं तर पुढचा महिना-दीड महिना. परदेशी अर्ज करणाऱ्यांचे महिने वेगळे, पण वाट पाहणं तेच.

या काळात बाकीचं जग थांबत नाही. ऑफिसात अप्रेझल होतं, घरभाड्याचा करार संपत येतो, घरी स्थळं येत असतात. हातात उत्तर नसताना निर्णय घ्यावेच लागतात. म्हणून नेमकं विचारते: तुमचं काय अडून राहिलं होतं, आणि उत्तर येण्याआधी तुम्ही काय ठरवलंत? ज्यांचं कुठेच झालं नाही त्यांनी आवर्जून लिहा. एखाद्या संस्थेबद्दल किंवा कंपनीबद्दल तक्रार असेल तर नाव नको, अनुभव पुरे.

सुरुवात मी करते.

पुणे, पूर्वी आयटीत

माझं अडलं नोटीस पिरियडपाशी. हिंजवडीत नोकरी, नोटीस नव्वद दिवसांची. निकाल मेमध्ये, वर्ग जूनमध्ये. हे गणित कुठूनही बसत नाही, आणि नोकरी करून कॅट देणाऱ्या बहुतेकांचं बसत नाही. राजीनामा द्यायचा तर मार्च-एप्रिलमध्येच द्यायला हवा, म्हणजे ॲडमिट (प्रवेश मिळाल्याचं पत्र) हातात नसताना.

आठवडे नुसते याच विचारात गेले. मग एका सीनियरने मला प्रश्न फिरवून विचारला: "कुठेच झालं नाही तर या टीममध्ये आणखी एक वर्ष काढशील का?" उत्तर नाही असंच होतं. म्हणजे राजीनाम्याचा निकालाशी संबंधच नव्हता, मीच तो जोडून ठेवला होता. इंटरव्ह्यू संपल्यावर मॅनेजरला खरं कारण सांगितलं आणि राजीनामा दिला. उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येईल का हे एचआरकडून मेलवर घेतलं. संस्थेलाही विचारलं की रिलिव्हिंग लेटर थोडं उशिरा दिलं तर चालेल का. दोन्हीकडून होकार आला, पण तो लेखी होता म्हणून शेवटी उपयोगी पडला. त्या दरम्यान मॅनेजर बदलला होता.

माझं मत एवढंच: जे निर्णय निकाल काहीही लागला तरी बदलणार नाहीत, ते आधी शोधून काढा आणि घेऊन टाका. डोक्यावरचा निम्मा भार तिथेच उतरतो.

परभणी, बी.एस्सी. ॲग्री

ताई, तुमचं पटलं, पण राजीनामा देऊन बघू म्हणायला आधी पगार लागतो. आमच्याकडे तो नव्हता. वडिलांचं शिलाईचं दुकान, मी कृषी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला. माझ्यासोबतची पोरं एमपीएससी आणि बँकेच्या एएफओच्या (कृषी अधिकारी पदाच्या परीक्षेच्या) मागे होती. मी कॅट दिली ती ॲग्रिबिझनेससाठी. अहमदाबादच्या आयआयएमला एफएबीएम आहे, लखनौच्या आयआयएमला एबीएम आहे (दोन्ही शेतीव्यवसायाच्या व्यवस्थापनाचे कोर्स), हैदराबादला मॅनेज ही संस्था आहे, हे आमच्या हॉस्टेलमध्ये तेव्हा फार कमी जणांना ठाऊक होतं.

अडलं ते दाखल्यापाशी. नॉन क्रीमीलेअरचा दाखला माझ्याकडे होता, पण राज्याच्या नमुन्यातला. केंद्राच्या संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला लागतो. सेतूवर वेगळं सांगितलं नाही तर राज्याचाच हातात पडतो. शिवाय प्रवेशाच्या वेळी नव्या आर्थिक वर्षातला मागतात, म्हणजे १ एप्रिलनंतरचा. त्यामुळे एकदा काढून काम भागत नाही. प्रांत ऑफिसला सही अडकली की कॉलची चिंता बाजूला राहते, साहेब दौऱ्यावरून कधी येणार याचीच चिंता लागते. ज्यांना लागणार आहे त्यांनी उत्पन्नाचे कागद मार्चमध्येच गोळा करून ठेवावेत.

इंटरव्ह्यूबद्दल: गुलाबी बोंडअळीवर विचारलं. २०१७ ला आमच्या भागातला कापूस बोंडअळीने खाल्ला तेव्हा मी स्वतः आत्याच्या रानात फुटकी बोंडं वेचत होतो. बीटी कापसातल्या दोन्ही कीडनाशक प्रथिनांना अळी कशी सरावली, फरदड (वेचणी संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेलं पीक) का घेऊ नये, आणि तरी शेतकरी ती का घेतो, हे सगळं सांगितलं. पॅनेलमधल्या एका सरांनी शेवटच्या मुद्द्यावर उलटं विचारलं, तेव्हा मीही मागे हटलो नाही. बाहेर आल्यावर मला निकालाची फारशी धास्ती राहिली नव्हती. आपल्याला जे येतं ते नीट सांगून झालं होतं. हैदराबादला झालं. तोपर्यंत एएफओचा अभ्यास मात्र एक दिवसही सोडला नव्हता, कारण घरी सांगायला काहीतरी पक्कं हवं होतं.

कोल्हापूर, फौंड्री

९९ च्या वर पर्सेंटाइल, बारावीला ६८ टक्के. बाकी काही सांगायला नको.

बऱ्याच मुलांना वाटतं की कॉल फक्त कॅटवर येतो. शॉर्टलिस्टचं सूत्र संस्था आधीच जाहीर करतात. दहावी, बारावी, पदवीचे गुण, कामाचा अनुभव, शाखा, सगळ्याला वजन असतं. बेंगळुरू तर दहावीचेही गुण मोजते. मी निकालाच्या रात्रीच कागद घेऊन बसलो, मागच्या वर्षीच्या कटऑफशी ताडून पाहिलं आणि कुठून कॉल येणार नाही ते लिहून भिंतीला लावलं. घरच्यांना ते निराशेचं वाटलं. मला त्याने शांत झोप लागली. ज्यांच्याकडून येणं शक्यच नाही त्यांची वाट कशाला पाहायची?

दोन ठिकाणचे कॉल आले, इंटरव्ह्यू बरे झाले, दोन्हीकडे नाही झालं. तेव्हा शिरोलीला आमच्या फौंड्रीत नवी इंडक्शन फर्नेस बसवायचं चाललं होतं. मी फेब्रुवारीपासूनच त्यात पूर्ण उतरलो होतो. पुढच्या वर्षी परत बसलो नाही. कॅटचा स्कोअर एका वर्षापुरताच धरतात, म्हणजे सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. आणि तोपर्यंत माझं मन कामात लागलं होतं. मनापासून लागलं होतं, हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांना ते समाधान करून घेणं वाटतं.

ठाणे, परदेशी अर्ज

आमच्याकडे अडलं होतं मुलीचं नर्सरीचं ॲडमिशन. अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलच्या अर्जांचा दुसरा राऊंड जानेवारीच्या सुरुवातीला, निर्णय मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला. ठाण्यातल्या शाळा त्याच्या कितीतरी आधी फी मागतात. आम्ही भरली. ते पैसे गेले तर गेले असं नवऱ्याशी बोलून ठरवलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

इंटरव्ह्यूच्या आमंत्रणांची गोष्ट वेगळी लिहायला हवी. काही बिझनेस स्कूल ठरलेल्या दिवशी सगळी आमंत्रणं एकदम पाठवतात, काही थोडी-थोडी करून कित्येक आठवडे पाठवत राहतात. दुसऱ्या प्रकारात फार हाल होतात, कारण अमक्याला आलं, तमक्याला आलं हे रोज कळत असतं आणि आपला इनबॉक्स कोरा. तरीही त्या गप्प बसण्याचा अर्थ नकार असा नसतो. मला एका ठिकाणचं आमंत्रण अगदी शेवटच्या आठवड्यात आलं. निर्णयाच्या दिवशी न्यूयॉर्कला दुपारचे बारा म्हणजे मार्चअखेर आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. मुलीला झोपवण्याची नेमकी तीच वेळ. सासूबाई म्हणाल्या, "तू तिच्याजवळच पड, मेल कुठे पळून जात नाही." मी तसंच केलं. वेटलिस्ट होती.

वेटलिस्टवर असताना शाळेला काय पाठवायचं हे आधी त्यांच्या सूचनांत वाचा. काही शाळा नवी माहिती मागतात, काही स्पष्ट सांगतात की काही पाठवू नका. मी बढतीची बातमी चार ओळींत कळवली आणि थांबले.

याच काळात इन्सिॲड या बिझनेस स्कूलचा अर्ज केला होता. तिथे साधारणपणे दोन माजी विद्यार्थी आपापले वेगवेगळे इंटरव्ह्यू घेतात. माझा एक लोअर परळला त्यांच्या ऑफिसात झाला, दुसरा फोनवर. लोअर परळच्या बाईंनी विचारलं, "इतक्या लहान मुलीला घेऊन का जायचंय?" असा प्रश्न विचारावा की नाही यावर वाद होऊ शकतो. मला तो खरा वाटला आणि मी खरं उत्तर दिलं: आत्ता ती माझ्याबरोबर कुठेही येईल, आठवीत गेल्यावर येणार नाही. दहा महिन्यांचा कोर्स, सिंगापूर कॅम्पस. अमेरिकेची वेटलिस्ट पुढे हलली का ते पाहायला मी थांबले नाही, नाव काढून घेतलं. नर्सरीची फी अर्थातच गेली.

डोंबिवली

माझा मार्ग राज्याच्या एमबीए सीईटीचा, मुंबईच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटसाठी. तिथे इंटरव्ह्यूच नाही. गुण आणि राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या राऊंड (तिलाही कॅपच म्हणतात, पण ती वेगळी), बस. पण आमच्या वर्षी कोविडमुळे सीईटीच सप्टेंबर २०२१ मध्ये झाली. जी मुलं आयआयएममध्ये गेली त्यांचं पहिलं सत्र संपत आलं तरी आम्ही ऑप्शन फॉर्म भरत होतो. ज्यांना "पुढे काय ठरलं?" म्हणून विचारणारे नातेवाईक आहेत त्यांना हे कळेल. मी त्या महिन्यांत दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या.

दापोली

त्याच २०२१ चा माझा अनुभव. इंटरव्ह्यू ऑनलाइन, आणि आमच्या गावात रेंज फक्त बांधावर. मामाचा दवाखाना दापोलीत, तिथे इन्व्हर्टर आणि ब्रॉडबँड. इंटरव्ह्यूच्या दिवशी मामाने सकाळची ओपीडी दुपारवर ढकलली आणि दारात स्वतः बसून पेशंटना परत पाठवत होता. कोकणात पर्यटनाने पाणी कसं संपतंय यावर प्रश्न आले. बाहेर मामाला ऐकू जात होतं, नंतर म्हणाला, "विहिरींचं बरोबर सांगितलंस." निकालाला वेळ होता, पण माझ्या घरच्यांच्या दृष्टीने त्या वाक्याने निकाल लागला होता. मला नंतर खरंच ॲडमिट मिळाला.

वर्धा, एका मुलीचे वडील

मी एसटीतून निवृत्त. मुलीने परीक्षा दिली, वाट मात्र आम्ही तिघांनी पाहिली. घरात ठरवलं होतं की "आलं का काही?" असं कुणी विचारायचं नाही. आलं तर ती सांगेलच. हे पाळणं तिच्या आईला फार जड गेलं, पण तिने पाळलं.

मी हातात काम हवं म्हणून कर्जाचं पाहून ठेवलं. आयआयएमसारख्या संस्थांसाठी काही बँका तारण न घेता शैक्षणिक कर्ज देतात. बँकांच्या स्वतःच्या याद्या असतात, कोणत्या यादीत कोणती संस्था हे शाखेत जाऊन विचारावं लागतं. आमच्या शाखेतल्या बाईंनी कागदांची यादी लिहून दिली: प्रवेशपत्र, फीचा तपशील, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पालकांची आयकर विवरणपत्रं, पॅन-आधार. प्रवेशपत्र सोडून सगळं मी फाईलला लावून ठेवलं.

नागपूरच्या आयआयएममध्ये ती वेटलिस्टवर होती. वेटलिस्ट का हलते हे तिने मला समजावलं: वरच्या नंबरच्या मुलाला जुन्या आयआयएममध्ये जागा मिळाली की तो इथली सोडतो, मग खालचा वर येतो. म्हणजे एका जागेमागे तीन-चार शहरांतली मुलं सरकतात. जूनमध्ये तिचा नंबर लागला आणि फी भरायला फार थोडे दिवस होते. फाईल तयार होती म्हणून कर्ज वेळेत झालं. मिहानच्या कॅम्पसवर तिला सोडायला मी एसटीनेच गेलो.

ज्या घरात मूल सध्या वाट पाहत आहे त्यांना सांगतो: त्याला धीर देत बसण्यापेक्षा बँकेत जाऊन या.

म्हापसा, सध्या वाट पाहतेय

मी पणजीत हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला आहे. एका खासगी संस्थेचा ॲडमिट आलाय. पहिला हप्ता भरायची तारीख कॅपच्या निकालाच्या आधीची आहे. रक्कम माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढी. भरली आणि नंतर आयआयएममध्ये झालं तर? नाही भरली आणि तिकडे नाही झालं तर? वर ताईंनी म्हटलंय तसा निकालाशी संबंध नसलेला निर्णय हा नाही, हा पूर्ण निकालाशीच बांधलेला आहे.

पुणे, पूर्वी आयटीत

खरंय, इथे माझं सूत्र चालत नाही. वर्ध्याच्या काकांच्या पद्धतीने जा, कागद आधी बघ. संस्था एआयसीटीई (केंद्राची तंत्रशिक्षण परिषद) मान्यताप्राप्त आहे का ते बघ. तशा संस्थांना फी परताव्याचे नियम लागू असतात आणि वर्ग सुरू होण्याआधी जागा सोडली तर बहुतांश रक्कम परत मिळायला हवी. तुझ्या ॲडमिटच्या पत्रात परताव्याचं कलम असेल, त्यातली तारीख शोध. ती कॅपच्या निकालानंतरची असेल तर भर. आधीची असेल किंवा कलमच नसेल, तर आजच ॲडमिशन ऑफिसला मेल कर: अमुक तारखेपर्यंत जागा सोडली तर किती परत आणि किती दिवसांत? हप्त्याची मुदत वाढवून मिळेल का तेही त्याच मेलमध्ये विचार, पुष्कळदा आठवडाभर देतात. फोनवर विचारू नकोस. उत्तर आलं की इथे टाक, मग रकमेचं बघू.