जास्त आवळलं की पकड सैल होते
घरी काडतूस भरताना क्रिम्प (गोळीभोवती केसचं, म्हणजे पितळी कवचाचं, तोंड आवळणं) जितकी आवळाल तितकी गोळी पक्की, असं काहीजण म्हणतात; ते मला पटत नाही. .४५-७० सारख्या सरळ भिंतीच्या रायफल काडतुसात खरी पकड केसच्या भिंतीची, क्रिम्प आधाराला. फार आवळलं तर शिसं दबतं, पितळ मात्र थोडं परत उसळतं आणि पकड उलट सैल होते.

मी कोल्हापुरात .२२ रायफल मारतो. तिचं काडतूस रिमफायर (पेटवणारा मसाला केसच्या कडेतच असतो), त्यामुळे ते घरी भरायचा प्रश्नच नाही. पण मॅच चेंबरमध्ये (स्पर्धेच्या रायफलमधली काडतूस बसायची जागा) गोळी नळीतल्या आट्यांना टेकलेली असते. एकदा न झाडलेलं काडतूस काढताना नुसती केस हातात आली, दारू बोल्टमध्ये सांडली आणि गोळी नळीतच राहिली! अशा वेळी मागून दुसरं काडतूस अजिबात झाडू नका. आधी रॉडनं गोळी बाहेर काढा.