डी-2 पोलादाच्या पंचाचे टेम्परिंग किती अंशांवर करावे? मदत हवी आहे

नमस्कार. स्टेनलेसच्या पत्र्यात भोके पाडणाऱ्या आमच्या डी-2 पोलादाच्या पंचाची धार फार लवकर जाते. भिंगातून पाहिल्यास कडेला झीज तर दिसतेच, शिवाय बारीक टवकेही उडालेले दिसतात, आणि मला खरी काळजी त्या टवक्यांची वाटते. या पोलादात सुमारे 1.5 टक्के कार्बन व 12 टक्के क्रोमियम असल्यामुळे कठीण कार्बाइडांची (कार्बन व धातूच्या संयुगांच्या कणांची) वाण नाही. सध्या 1020 अंश सेल्सिअसवर हार्डनिंग (तापवून, मग थंड करून कठीण करणे) करून 200 अंशांवर टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा तापवणे) होते आणि कठीणता 60 रॉकवेल सी भरते. त्याऐवजी 520 अंशांवर दोनदा टेम्परिंग केल्यास शिल्लक ऑस्टेनाइट (हार्डनिंगमध्ये न बदललेला पोलादातला मऊ भाग) बरेच घटते, मात्र कठीणता थोडी उतरते. अशा कामासाठी यातली कोणती पद्धत निवडावी, की व्हॅनेडियम अधिक असलेले पावडर पोलादच (धातूच्या भुकटीपासून बनवलेले) घ्यावे? प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्यांनी कृपया पत्र्याच्या जाडीसह लिहावे.