मदत हवी आहे: ब्रॉडबँड बदलताना मध्ये खंड कसा टाळावा? (पुणे, सिंहगड रोड)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे स्थानिक कंपनीचं १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. दिवसा ठीक चालतं, पण संध्याकाळी सातनंतर स्पीड १०-१२ वर येतो. वायफायचा दोष नाही. लॅपटॉप थेट लॅन केबलने जोडून तपासलं, तरी तेच. राउटर रीसेट केला, कंपनीने ओएनटीही (फायबरची वायर घरात जिथे जोडतात तो डबा) बदलून दिला. पाऊस झाला की मात्र ओएनटीवरचा एलओएसचा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागतो आणि नेट पूर्णच जातं. तक्रार केली की माणूस येतो, गच्चीवरचा जोड पुन्हा करतो, आठवडाभर बरं चालतं.

आता जिओ, एअरटेल किंवा बीएसएनएलचं फायबर घ्यायचा विचार आहे. मोबाइलसारखं पोर्टिंग इथे नाही, म्हणजे नवीन कनेक्शन घेऊन जुनं बंद करायचं, एवढं माहीत आहे. पण बायकोचं ऑफिसचं काम व्हीपीएनवर चालतं, त्यामुळे एक दिवसही नेट बंद ठेवता येत नाही. सोसायटी नवीन वायर फक्त डक्टमधूनच टाकू देते. जुन्या कंपनीकडे वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत, चार महिने शिल्लक आहेत, शिवाय राउटरचं डिपॉझिट अडकलंय. आमचं बजेट महिना हजारापर्यंत आहे.

या भागात संध्याकाळी आणि पावसातही कोणाचं नेट टिकतं? आणि मुदतीआधी बंद करून उरलेले पैसे आणि डिपॉझिट कोणाला परत मिळालंय का, मिळालं असेल तर लेखी काय दिलं होतं?