मदत हवी आहे : के-२ रणगाड्याच्या मॉडेलचं सस्पेन्शन गळतंय

नमस्कार मंडळी. नागपुरात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांसोबत दक्षिण कोरियाच्या के-२ रणगाड्याचं १:१० मॉडेल करतोय. लांबी ७५ सेंमी, वजन साधारण ६ किलो.

खऱ्या के-२ ला दोन्ही बाजूंना सहा-सहा चाकं आहेत आणि सस्पेन्शन हायड्रोन्यूमॅटिक, म्हणजे स्प्रिंगऐवजी द्रव आणि दाबलेल्या वायूवर चालणारं. म्हणून ५५ टनांचं ते धूड पुढून झुकतं आणि उतारावरून तोफ जास्त खाली रोखता येते. कोरियाच्या डोंगराळ मुलखासाठी ही सोय. पोलंड त्यामानाने सपाट, तरी २०२२ मध्ये त्यांनी १८० रणगाड्यांचा करार केला! मुलांना हे झुकणंच दाखवायचंय, त्यामुळे स्प्रिंग सुचवू नका.

आतापर्यंत : १० मिलीच्या बारा प्लास्टिक सिरिंज, सलाइनची नळी, अर्धं पाणी, अर्धी हवा. मॉडेल छान झुकतं, पण दोन तासांत डावी बाजू बसते. दट्ट्याच्या कडेने बारीक बुडबुडे येतात. दुपारच्या उन्हात हवा फुगून पुढचा भाग तीन-चार मिलिमीटर वर येतो, तो वेगळाच ताप. पाण्याऐवजी खोबरेल तेल घातलं तर रबर फुगून दट्ट्या अडकला. टेफ्लॉन टेप फक्त नळीच्या जोडावर चालली.

कॉम्प्रेसर नाही, बजेट १५०० रुपये, हातात तीन आठवडे.

काचेच्या सिरिंज आणि सिलिकॉन तेल वापरलं तर गळती थांबेल का? की हवा आणि द्रव वेगळे ठेवायला मध्ये सरकता दट्ट्याच लागेल? आणि हे सामान इतवारी-सीताबर्डीकडे सुटं कुठे मिळेल?