एकच बटण पुरे, का सगळे मेनू शिकायलाच पाहिजेत?

उद्यमबाग फौंड्री
एसजी आयर्न (ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असलेलं बीड) ओतायचं म्हणजे नोड्यूलॅरिटीचा रिपोर्ट आलाच, ग्राफाइटच्या गोळ्या किती गोल झाल्यात ते टक्क्यात. फोटोवरनं हे मोजायचं इमेजजे सॉफ्टवेअर फुकट हाय, 1997 पासून हाय, काम चोख करतंय, पण उघडलं की नुसती एक पट्टी दिसतीया. मग 8-बिट करा, थ्रेशोल्ड (किती काळं ते ग्राफाइट धरायचं ती सीमा) लावा, सेट स्केल (किती पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर), अ‍ॅनालाइझ पार्टिकल्स... आयटीआय झालेलं पोरगं रात्रपाळीला लॅबात एकटं असतंय, मेनू सगळे इंग्लिशमध्ये, बाहेर लोक रिपोर्टसाठी थांबल्यात, त्यानं काय काय बघायचं सांगा. फोटो घे, मोज दाब, आकडा आला. असंच पाहिजे बघा.

खानापूरची मेटलर्जीवाली
अजिबात पटलं नाही. 200 पटीची स्केल लावलेली आहे आणि पोरानं लेन्स बदलून 100 पटीवर फोटो काढला, तर सॉफ्टवेअर क्षेत्रफळ एक चतुर्थांश धरणार, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला नोड्यूल, म्हणजे ग्राफाइटच्या गोळ्या, चौपट दिसणार, आणि तुमचं एक बटण ते निमूट छापणार. त्यात सँपल नीट पॉलिश नसेल तर बारीक ठिपकेसुद्धा गोळ्या म्हणून मोजले जातात, चार-पाच पिक्सेलचा ठिपका गोलच निघतो त्यामुळे टक्का उलट वाढतो. एचिंग केलेलं (आम्ल लावून रचना उघडी केलेलं) सँपल चुकून ठेवलं की पर्लाइट, म्हणजे लोखंडाच्याच रचनेतला एक भाग, तोही काळा दिसतो, मग तेही ग्राफाइटमध्ये जमा. असलं कास्टिंग गाडीखाली बसतं हो, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे.

निपाणीकर
इमेजजेत मॅक्रो (पायऱ्यांची नोंद, जी परत आपोआप चालवता येते) रेकॉर्ड करता येतो की. जाणत्या माणसानं एकदा सगळ्या पायऱ्या करून दाखवायच्या, त्याचं टूलबारवर बटण करून ठेवायचं, नाव मराठीत नाहीतर कन्नडात द्या. पेशींचे फोटो मोजायचं सेलप्रोफायलर सॉफ्टवेअर तर कोडिंग न येणाऱ्या जीवशास्त्रवाल्यांसाठीच काढलंय, तिथं पण पाइपलाइन (पायऱ्यांची साखळी) एकदा बसवली की ढीगभर फोटो आपोआप जातात.

खानापूरची मेटलर्जीवाली
मॅक्रोला माझी हरकत नाही, पण दोन ठिकाणी तो थांबला पाहिजे. आधी लेन्स विचारायची, आणि कुठला भाग ग्राफाइट धरला ते लाल रंगात फोटोवर दाखवून पोराचं हो आल्यावरच पुढं जायचं. लाल डाग मॅट्रिक्सवर (ग्राफाइटभोवतीच्या लोखंडावर) पसरलाय हे दहावी झालेल्यालाही दिसतं, त्याला ओत्सू पद्धत (थ्रेशोल्ड आपोआप ठरवायची रीत) माहीत असायची गरज नाही.

उद्यमबाग फौंड्री
लाल दाखवा, लेन्स विचारा, कबूल. पण थ्रेशोल्डची सरकपट्टी मी पोराच्या हातात देणार नाही. आकडा कमी आला की ती सरकवून पास करायचा मोह हुतोय, वरनं दाब असतोय त्याच्यावर.

खानापूरची मेटलर्जीवाली
मग पट्टी बंद केल्यावर लाल चुकीचं दिसलं तर त्यानं करायचं काय? ‘परत पॉलिश करा’ असं एक बटण द्या, आणि ते दाबलं म्हणून कुणी त्याला ओरडायचं नाही, हे आधी ठरवा.