शब्दचर्चा : ‘हावभाव विश्लेषण’ म्हणावं का? (बोलणारे आपापल्या गावाच्या नावाने)

पुसद : तालुक्यातल्या कायदेविषयक शिबिरासाठी टिपण लिहितोय. ‘फोरेन्सिक’, म्हणजे न्यायालयाच्या कामासाठीच्या, मानसिक मूल्यमापनात आरोपीच्या मुलाखतीचं चित्रीकरण सॉफ्टवेअरला दाखवून ‘फेशियल एक्स्प्रेशन ॲनॅलिसिस’ करण्याबद्दल आहे. ‘न्यायवैद्यक हावभाव विश्लेषण’ चालेल?

दर्यापूर : दोन्ही शब्द बदला भाऊ. न्यायवैद्यक म्हटलं की शवविच्छेदन डोळ्यांपुढे येतं. नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेच्या नावातच ‘न्यायसहायक’ आहे, तोच घ्या. हावभावात हात, मान, खांदे सगळं येतं. शिवाय नाट्यशास्त्रातला ‘हाव’ नायिकेचा, शृंगारातला. पोलीस कोठडीत तो कुठून आणता?

पुसद : मग ‘भाव-ओळख’?

नागपूर : मी मानसशास्त्र शिकवते. हा शब्द तर मुळीच नको, कारण यंत्र भाव ओळखत नाही. एकमन आणि फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक दिले : 4 म्हणजे भुवया खाली, जवळ येणं, 6 म्हणजे गाल वर चढणं, 12 म्हणजे ओठांचे कोपरे वर जाणं. 6 आणि 12 एकत्र दिसले की हसू मनापासूनचं, असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. पण ते ठरवूनही हसता येतं. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये आधीचं संशोधन तपासून दाखवलं, की रागावलेला माणूस दर वेळी कपाळ आक्रसत नाही, आणि आक्रसणारा दर वेळी रागावलेला नसतो. मायक्रोसॉफ्टनेही 2022 मध्ये चेहऱ्यावरून भावना सांगणारी सोय मागे घेतली. अहवालात ‘भीती आढळली’ असं लिहिलं, की मोजमाप संपून तर्क सुरू झाला.

अकोट : आमच्याकडं म्हणतात, ‘त्याचं तोंड उतरेल व्हतं.’ जे दिसलं तेवढंच. काहून उतरलं, ते ज्याचं त्याले माहीत. आणि ताई, इकडं ‘भाव’ म्हटलं की पहिल्यांदा कापसाचाच आठवते; तो पडला तरी तोंड उतरतेच.

दर्यापूर : कायद्यातही हेच. फौजदारी प्रक्रिया संहिता, 1973 च्या कलम 280 मध्ये न्यायाधीशाने साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा नोंदवण्याची तरतूद होती. शेरा मारणारा माणूस समोर बसून साक्षीदाराला स्वतः पाहत असे. सॉफ्टवेअरची उलटतपासणी कोण घेणार? सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा सेल्वी निकालही टिपणात घ्या : संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग नाही. मात्र तो या तीन चाचण्यांपुरता आहे, चेहऱ्यावर ताणू नका.

पुसद : ठरलं : ‘न्यायसहायक मूल्यमापनात चेहऱ्याच्या हालचालींची नोंद’. लांब आहे, पण खोटं नाही. आता नमुन्याचं वाक्य : ‘घटनेबद्दल विचारताच कपाळावर आठ्या पडल्या.’

नागपूर : आठ्या म्हटल्या की नाराजी आलीच. ‘भुवया खाली आल्या’ लिहा.

अकोट : अन् खिडकीतून ऊन तोंडावर येत व्हतं का, तेही लिवा.